नाव ठेवण्याआधी

वाशीच्या खाडीपुलावर लोकल आली आणि फ्लेमिंगो दिसले, की डब्यातले मोबाइल खिडकीकडे वळतात. मी खालचा चिखल बघते.

एका प्रयोगशाळेत वर्षभर मी तो चिखल अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर धुतला. चाळणीत राहायचे ते दोऱ्याएवढे समुद्री कृमी, कॅपिटेलिडी कुळातले, गांडुळाचे लांबचे नातलग. ओळखायचं कसं? पुढच्या कोणत्या वलयावर साधे केस, कोणत्यावर आकडे, हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. नमुना तुटका असला की गणित अडतं. एकदा तसंच झालं. "उद्या अहवाल द्यायचाय, नेहमीचं नाव टाक," वरिष्ठ म्हणाले. मी लिहिलं : कॅपिटेला कॅपिटाटा.

हे नाव मुळात फाब्रिसियसने १७८० मध्ये ग्रीनलंडच्या कृमीला दिलेलं. पुढे ते जगभरच्या चिखलाला चिकटलं. १९७६ मध्ये ज्युडिथ आणि फ्रेड ग्रासल यांनी दाखवलं, की या एका नावाखाली सहा जाती दडल्या आहेत. दिसायला जवळपास सारख्या, पण अंडी, अळ्या, विकरं वेगळी. मग ठाणे खाडीतला माझा कृमी ग्रीनलंडचा कसा?

कुणी म्हणेल, कृमीला काय फरक पडतो? त्याला खरंच पडत नाही. वर्गीकरण माणसाची सोय आहे. पण मी खोटं बोलले ते कृमीशी नाही, माझ्यानंतर तो अहवाल वाचणाऱ्याशी. शिवाय हे नाव म्हणजे 'घाणीत तगणारा' असा शिक्का. एका अनुस्वारात नाव ठेवण्याचं नावं ठेवणं होतं. आणि जी जात वेगळी मोजलीच नाही, ती उद्या संपली तर कुणाला कळणार? फ्लेमिंगोंमुळे ही खाडी २०१५ मध्ये अभयारण्य झाली, २०२२ मध्ये रामसर यादीत गेली. कृमींसाठी कोण थांबणार?

शास्त्रात एक साधी सोय आहे : 'कॅपिटेला एसपी.' म्हणजे आडनाव कळलं, नाव कळलं नाही. आडनाव ऐकताच माणसाची जात ताडणाऱ्या आपल्याला एवढंच लिहून थांबणं जड जातं. मलाही गेलं.

पुढच्या तक्त्यात मी 'एसपी.' लिहिलं. "म्हणजे काय?" वरिष्ठांनी विचारलं.

"म्हणजे मला माहीत नाही, सर."

आधीचा अहवाल मात्र अजून तसाच आहे.