वाहती लादी

आर्क्टिकमधल्या ब्यूफोर्ट समुद्रावर, अलास्काच्या प्रडो बेपासून शेकडो किलोमीटर उत्तरेला, काही वर्षांआड मार्च महिन्यात एक गाव वसते. अमेरिकेचे नौदल ते आपल्या पाणबुड्यांच्या सरावासाठी वसवते. तंबू, भोजनगृह, नियंत्रणकक्ष, धावपट्टी. काही आठवड्यांनी सारे उचलले जाते. गावाखाली जमीन नसते. बर्फाची लादी असते आणि तिच्याखाली हजारो मीटर पाणी.

ही लादी थांबत नाही. वारा आणि प्रवाह तिला सतत वाहून नेतात. झोपलेला माणूस उठतो तेव्हा तंबू तोच असतो, ठिकाण दुसरे. स्थैर्याची साक्ष आपण आजूबाजूच्या वस्तूंकडून घेतो. त्याही आपल्याबरोबर सरकत असतील, तर सरकणे कळत नाही. पिढ्याच्या पिढ्या अशा सरकतात.

राहण्यासाठी जुना बर्फ निवडतात. तो जाड आणि खडबडीत असतो. विमान उतरवण्यासाठी शेजारचा कोवळा, एका हिवाळ्याचा बर्फ, कारण तो सपाट असतो. येण्यापुरता गुळगुळीतपणा चालतो. राहायचे तर ज्याने उन्हाळे सोसले आहेत, त्याच्याकडेच जावे लागते.

पिण्याचे पाणीही जुन्या बर्फाचेच. समुद्र गोठताना खारटपणा बर्फात अडकतो. वर्षामागून वर्षे तो खाली निथळत जातो आणि खाऱ्या समुद्राच्या पाठीवर गोडे पाणी मिळते. वय वाढले की गोडवा येतो, असे म्हणतात. वय फक्त अवधी देते. मीठ निथळावे लागते.

येथला दिवस मोठ्या कामांत जात नाही. बर्फ फोडून आणणे, तो वितळवणे, इंधन पुरवून वापरणे, शेगडी विझू न देणे, ओले मोजे वाळवणे. पारा उणे तीसखाली असतो, तेव्हा ओला मोजा ही क्षुल्लक बाब उरत नाही. ज्या सामर्थ्याचा महासागरांवर दरारा आहे, ते येथे कोणाच्या तरी सुक्या पायांवर उभे असते. कोणतेही बळ उलटून पाहावे. तळाशी कोणीतरी पाणी तापवत असतो.

सरावाच्या टॉर्पेडोत स्फोटके नसतात. धाव संपली की तो वर येतो आणि बर्फाच्या तळाला टेकून राहतो. मग त्याचा माग काढायचा, बर्फाला भोके पाडायची, बुडी मारणाऱ्या माणसांनी त्या गोठणाऱ्या पाण्यात उतरायचे, हेलिकॉप्टरने त्याला उचलायचे. सोडायला एक क्षण पुरतो. परत आणायला अर्धे गाव लागते. माणसाच्या बहुतेक कृतींना अशी मागची बाजू असते आणि ती सहसा दुसऱ्याच्या वाट्याला येते.

पाणबुडी वर यायची असली की योग्य जाडीच्या बर्फाची जागा शोधतात. तिच्यावरचे हिम फावड्याने सारून मोठी फुली काढतात. उघड्या बर्फातून खाली अधिक उजेड झिरपतो. वरच्यांना खालची पाणबुडी दिसत नाही. खालच्यांना वरचे चेहरे दिसत नाहीत. तरी एकजण खूण करतो आणि दुसरा तिच्या भरवशावर बर्फ फोडतो. विश्वासाला ओळख लागते, अशी आपली समजूत आहे. त्याला खूण पुरते. ती खरी मात्र असावी लागते.

2007 च्या मार्चमध्ये ब्रिटनची ‘टायरलेस’ ही पाणबुडी अशाच सरावात बर्फाखाली होती. प्राणवायू निर्माण करणाऱ्या उपकरणाचा स्फोट झाला. दोन खलाशी गेले. श्वासासाठी ठेवलेल्या वस्तूनेच तो थांबवला. पाणबुडी बर्फ फोडून वर आली. जखमी झालेल्या खलाशाला विमानाने अँकरेजच्या रुग्णालयात पोचवता आले. ओसाड जागी आधीच कोणीतरी असणे, एवढाच कधीकधी मदतीचा अर्थ असतो.

ह्यूबर्ट विल्किन्स यांनी 1931 मध्ये ‘नॉटिलस’ नावाच्या एका जुन्या पाणबुडीतून बर्फाखालून ध्रुवाकडे जाण्याचा प्रयत्न केला. तो फसला. 17 मार्च 1959 रोजी ‘स्केट’ ही पाणबुडी ध्रुवावर बर्फ फोडून वर आली. विल्किन्स तेव्हा हयात नव्हते. खलाशांनी त्यांची रक्षा तेथे विखुरली. जो पोचला नाही त्याला बरोबर नेणे, ही पोचणाऱ्याची खरी पात्रता.

अलीकडच्या छावण्यांना जुन्या पाणबुड्यांची नावे देतात. 2018 मध्ये ‘स्केट’, 2020 मध्ये ‘सीड्रॅगन’, 2022 मध्ये ‘क्वीनफिश’. जागा वितळणार हे ठाऊक असते. माणूस नाव तरीही देतो. ज्याला नाव दिले, त्याची काळजी घेणे सोपे जाते.

2014 च्या छावणीचे नाव ‘नॉटिलस’ होते. वाऱ्याची दिशा बदलली, बर्फाला तडे गेले आणि ती ठरल्या वेळेआधी आवरावी लागली. त्यात पराभव नव्हता. तड्यामुळे माणसे क्वचित बुडतात. तडा दिसूनही आणखी एक दिवस थांबण्यामुळे अधिक.

रात्री कोणीतरी जागा असतो. बर्फावर, आगीवर, अस्वलांवर त्याचे लक्ष असते. बाकीचे झोपतात. बर्फाचा भरवसा त्यांनी कधीच धरलेला नसतो. ते त्या एकाच्या जागेपणावर झोपतात. आजाऱ्याच्या उशाशी रात्री काढलेल्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

पक्की जमीन आयुष्यात फार थोडी लाभते. घर, प्रकृती, मिळकत, राज्य, सगळे वाहतेच आहे. तरीही माणसे त्यावर चुली मांडतात, मुले वाढवतात, उद्याचे बेत आखतात. हे धाडस एकट्याचे नसते. पाळीपाळीने कोणीतरी जागत आलेले असते. बहुधा न सांगता, बहुधा न विचारता. त्या अनोळखी जागरणांचे ऋण शब्दांनी फिटत नाही. आपली पाळी आली की उठावे लागते.