उंबऱ्याशी

कुत्रा पाळावा की नाही, हा प्रश्न आमच्या घरात २०११ च्या पावसाळ्यापर्यंत कधी निघाला नव्हता. उत्तर सगळ्यांना ठाऊक असले की प्रश्न निघत नाही. मुसलमानाच्या घरी शेळी असते, कोंबड्या असतात, मांजर तर न बोलावता येते. कुत्र्याची जागा गल्लीच्या तोंडाशी. त्या पावसाळ्यात हिंगोलीत कयाधूच्या पुलाजवळ कुठल्याशा जीपने उडवलेले एक पिल्लू आमच्या धाकट्याने खताच्या पोत्यात गुंडाळून आणले. मागचा पाय मोडलेला, अंगभर चिखल, ओरडण्याचेही त्राण नाही. अम्मी जानमाजवरून उठली आणि दारातच उभी राहिली. "कुत्ता घर में लाया? फरिश्ते नै आते रे!" आम्ही नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिले. रात्रभर राहू द्यावे, सकाळी सोडून यावे असे ठरले. ती सकाळ बारा वर्षे उजाडली नाही.

रंग भुरा, म्हणून नाव भुऱ्या. जनावरांच्या दवाखान्यात पायाला पट्टी झाली, लस टोचून झाली आणि मोहल्ल्यात कुजबुज सुरू झाली. आम्ही मौलवीसाहेबांकडे गेलो. खरे सांगायचे तर मार्ग विचारायला नव्हे, परवानगी मिळवायला गेलो होतो. ते रागावतील असे वाटले होते. त्यांनी चहा सांगितला. कुत्र्याने तोंड घातलेले भांडे सात वेळा, त्यात एकदा मातीने, धुण्याची हदीस आहे. आपल्या हनफी फिकहात तीनदा धुतले तरी पुरते, आणि लाळ नापाक मानतात, कोरडे अंग नव्हे. कोकणातले शाफई भाऊ सगळे अंगच नापाक धरतात. इमाम मालिक यांच्या पंथात मात्र जिवंत कुत्रा पाक. विनाकारण कुत्रा बाळगणाऱ्याच्या पुण्यातून रोज वजावट होते, पण शिकारीचा, गुराढोरांचा आणि शेताचा कुत्रा त्यातून वगळला आहे. एवढे सांगून त्यांनी हळूच विचारले, "खेत है ना तुमारा?"

आहे. दोन एकर. सोयाबीन, आणि एका कडेला थोडी हळद. रानडुकरे येतात.

अशा रीतीने भुऱ्या शेतराखण्या झाला. प्रत्यक्षात तो तीन पायांवर लंगडत शेतात यायचा, डुकराचा वास आला की आमच्याच पायामागे दडायचा आणि संध्याकाळी आमच्याआधी घर गाठून उंबऱ्याशी पुढचे पाय पसरून बसायचा. विचारणाऱ्याला आम्ही सांगत असू, "शेतासाठी ठेवलाय." अम्मीही तेच सांगे. त्याला जवळ घेताना मात्र आम्ही दार लोटून घेत असू.

कुरआनच्या अल्-कहफ या अठराव्या सूरेत गुहेत झोपी गेलेल्या तरुणांची कथा आहे. त्यांचा कुत्रा गुहेच्या तोंडाशी असाच पुढचे पाय पसरून आहे. ते तरुण नेमके किती होते याबद्दल लोकांचे तर्क तिथे दिले आहेत, तीन, पाच, सात. आणि दर वेळी कुत्रा मोजणीत धरलेला आहे. माणसांचा आकडा बदलतो, कुत्रा गळत नाही. दर जुम्म्याला अम्मी ही सूरा पढते. इतकी वर्षे ती कानावर पडत होती. त्यात एक कुत्रा बसलेला आहे, हे आमच्या ध्यानात भुऱ्या आल्यावर आले.

आमचा जिल्हा १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झाला, पण माणसे त्याला ओळखतात ती औंढ्याच्या नागनाथावरून आणि नामदेवांचे जन्मगाव मानल्या जाणाऱ्या नरसीवरून. नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळवली आणि ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नको म्हणत, ही गोष्ट इकडे मुसलमानांच्या पोरांनाही पाठ असते. सांगणारा शेवटी सांगतो की तो कुत्रा म्हणजे साक्षात विठ्ठल होता. धर्मराजाबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेला कुत्राही शेवटी यमधर्म निघतो. आम्हाला नेहमी वाटे, हे थोडे सोपे झाले. देवच निघाला म्हटल्यावर तूप वाया गेले नाही, हिशोब जुळला. पण नामदेव धावले तेव्हा त्यांना हे कोणी सांगितले नव्हते, किंवा त्यांना ते सांगावेच लागत नव्हते. दोन्ही अर्थांनी धावणे खरे उरते.

आमच्याकडच्या हदीसमधला कुत्रा शेवटपर्यंत कुत्राच राहतो. एक वाटसरू तहानेने विहिरीत उतरतो, पाणी पिऊन वर येतो तर एक कुत्रा तहानेने ओली माती चाटतो आहे. तो पुन्हा उतरतो, पायातल्या चामडी मोज्यात पाणी भरतो, मोजा दातांत धरून वर चढतो आणि कुत्र्याला पाजतो. अल्लाहने त्याला माफ केले. जनावरांबाबतही पुण्य आहे काय, असे सोबत्यांनी विचारले, तेव्हा पैगंबरांनी सांगितले की ओले काळीज असलेल्या प्रत्येक जिवाबाबत आहे. त्या माणसाने मोजा नंतर धुतला की नाही, याचा उल्लेख नाही. धुतला असेल. त्याला कोणी विचारले नाही की हा कुत्रा शेतीचा की शिकारीचा, आणि त्यानेही तसा बहाणा शोधला नाही. आम्ही बारा वर्षे शोधत राहिलो. नापाकी पाण्याने जाते, ती जावी म्हणून नियम आहेत. आम्ही त्या नियमांआडून लोकांच्या बोलण्यापासून स्वतःला राखले.

दयेबद्दल लिहिताना भीतीची बाजू झाकू नये. फजरच्या अंधारात मशिदीकडे जाणाऱ्या म्हाताऱ्याला आणि अनवाणी पोराला भटक्या टोळीची भीती असते ती खोटी नव्हे. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस बहुधा वाचतच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्ली परिसरातले भटके कुत्रे निवाऱ्यात ठेवायला सांगितले आणि अकरा दिवसांनी तो आदेश बदलला: निर्बीजीकरण व लसीकरण करून, पिसाळलेले आणि अंगावर जाणारे वगळून, बाकीचे आपापल्या जागी सोडावेत. वाद अजून मिटलेला नाही. आम्ही भुऱ्याला दरसाल लस दिली, एवढेच आमच्या हातचे होते.

२०२३ च्या थंडीत त्याने खाणे सोडले. डॉक्टरांनी तपासून मूत्रपिंडे गेल्याचे सांगितले. म्हणाले, "त्रास वाढत जाईल. म्हणाल तर इंजेक्शन देतो, झोपेत जाईल." आम्ही नाही म्हटले. जीव देणारा तोच, नेणाराही तोच, असे आम्ही ठामपणे म्हणालो आणि त्याला रिक्षात घालून घरी आणले.

त्या ठामपणाची आज आम्हाला खात्री नाही. बकरी ईदला आम्ही स्वतः सुरीला धार लावतो. सुरी धारदार असावी, जनावराला त्रास कमी व्हावा, मारणेही नीट असावे, हीही हदीसच आहे. तेव्हा जीव नेणारा कोण, हा प्रश्न आम्हाला अडत नाही, कारण तिथे हुकूम स्पष्ट आहे आणि निर्णय आमचा नाही. इथे निर्णय आमचा होता. आलिमांत मतभेद आहेत, काही अशा वेदनेतून सोडवणे जायज धरतात. आम्ही विचारायलाच गेलो नाही. बारा वर्षांपूर्वी त्याला ठेवण्यासाठी धावत गेलो होतो. सोडवण्यासाठी पाय उचलला नाही. तो ईमान होता की भेकडपणा? मांजरीला बांधून उपाशी ठेवणारी बाई दोजखात गेली, ती खाऊ घालत नव्हती म्हणून आणि सोडतही नव्हती म्हणून. आम्ही भुऱ्याला खाऊ घातले. सोडले नाही.

तीन रात्री तो कण्हत होता. तिसऱ्या रात्री गारठा फार होता. अम्मीने बारा वर्षांत त्याला हात लावला नव्हता. भाकरी टाकायची तीही वरून. ती उठली आणि म्हणाली, "अंदर लो उसको." आम्ही घुटमळलो. फरिश्त्यांचे काय, असे आमच्यातले कोणीतरी पुटपुटले. "एक फरिश्ता तो आताच ना," ती म्हणाली. पोत्यासकट त्याला आत घेतले. अम्मीने कापसाचा बोळा पाण्यात बुडवून त्याच्या तोंडात पिळला, एकदा, दोनदा. तो चाटत राहिला, तिची बोटेही. फजरच्या आधी तो गेला. अम्मीने मोरीवर बसून हात धुतले. तीनदा नव्हे, सातदा, तुळईखालची माती घेऊन. मग वुजू केला.

त्याला शेतातच पुरायचे ठरले, हळदीच्या वाफ्यापलीकडे, बांधाला. जमीन काळी, वरून भेगाळलेली. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून खोल खणावे लागत होते. शेजारचे शेतकरी, माळकरी गृहस्थ, पाणी द्यायला आले होते. त्यांनी बांधावरून विचारले, "काय पुरायलात?"

"कुत्रा," आम्ही म्हणालो. शेताचा, असे या वेळी म्हटले नाही.

ते खाली उतरले, धाकट्याच्या हातातली कुदळ घेतली आणि खणू लागले.