बोलल्याची शिक्षा

डोनाल्ड स्टर्लिंग हा लॉस एंजेलिसचा बडा घरमालक. आधी वकिली, मग इमारतींवर इमारती. १९८१ साली सव्वा कोटी डॉलरच्या आसपास मोजून त्यानं क्लिपर्स हा बास्केटबॉलचा संघ घेतला. या खेळात घाम गाळणारे बहुतेक काळे.

एप्रिल २०१४ मध्ये त्याचं खासगी बोलणं फुटलं. मैत्रिणीला सांगत होता, काळ्यांबरोबरचे फोटो टाकू नकोस, त्यांना माझ्या सामन्यांना आणू नकोस. झालं! जाहिरातवाले पळाले. चार दिवसांत लीगनं त्याला जन्मभर बंदी घातली, वर २५ लाख डॉलर दंड. बरं झालं साल्याचं, असं मीही म्हणालो.

पण जरा मागं जा. २००६ साली अमेरिकेच्या न्याय खात्यानं याच माणसावर खटला भरला होता. आरोप असा, की हा काळ्यांना आणि पोराबाळांच्या कुटुंबांना घर भाड्यानं देत नाही. २००९ साली त्यानं २७ लाख २५ हजार डॉलर मोजून तडजोड केली. आरोप कबूल केला नाही. लीगनं तेव्हा बंदी घातली नाही. उलट खटला चालू असतानाच, काळ्यांच्या हक्कांसाठी १९०९ पासून झगडणाऱ्या एनएएसीपीच्या लॉस एंजेलिस शाखेनं त्याला जीवनगौरव दिला. २०१४ त दुसरा देणार होते, तेवढ्यात टेप आली. आपल्याकडंही देणगीदाराला हार घालताना त्याचा हात कुठं कुठं बरबटलाय हे कोण बघतं म्हणा.

मग पाप मोठं कुठलं? तोंडातनं निघालेलं, की हातून झालेलं?

तुम्ही म्हणाल, शब्दानं सगळ्या काळ्यांचा अपमान झाला. कबूल. पण घर नाकारताना कुणी शिवी देतं का? आपण खोली बघायला जातो. आडनाव विचारतात. मग खोली कालच गेलेली असते. चहासुद्धा पाजतात. त्याची टेप कुठून आणायची? शिवीला साक्षीदार मिळतो. गोड बोलून लावलेल्या दाराला मिळत नाही. एकट्या घरात तो काय बडबडला, यावर जन्माची बंदी घालावी का, याबद्दल मी अजून साशंक आहे. बंद दाराबद्दल मात्र मला शंका नाही.

२७ एप्रिलला क्लिपर्सच्या पोरांनी सरावाचे शर्ट उलटे घातले, संघाचं नाव आत दडवलं. मग सामना खेळले, हरले. काही म्हणाले, खेळायलाच नको होतं. मला तसं म्हणवत नाही. पोटाचा करार होता, वर्षाची मेहनत होती. पण भाडेकरूंच्या वेळी एकही शर्ट उलटा झाल्याचं माझ्या वाचनात नाही.

संघ त्याच वर्षी विकला गेला. किंमत २०० कोटी डॉलर. त्यातनं दंडाचे २५ लाख वजा करा, तडजोडीचे २७ लाख २५ हजारही करा. उरतात किती, बघा.