तेच शब्द पुन्हा पुन्हा

जपमाळेच्या प्रार्थनेविषयी तरुण पिढीकडून एक आक्षेप अलीकडे वरचेवर ऐकू येतो. पाच दशके म्हणजे 50 वेळा ‘नमो मारिया’, आरंभीच्या तीन धरल्या तर 53. इतक्या वेळा तेच शब्द उच्चारून परमेश्वराला असे कोणते नवे सांगायचे असते? मन तर दुसऱ्याच दशकात कांद्याच्या भावापाशी नाहीतर मोबाइलपाशी जाऊन पोहोचलेले असते. मग ओठांनी चालू ठेवलेल्या त्या जपाला प्रार्थना म्हणावे की नुसती सवय? हा आक्षेप घेणारी मुले श्रद्धाहीन नाहीत. उलट खोटेपणाचा त्यांना मनापासून तिटकारा आहे. म्हणून त्यांना दटावून गप्प बसविणे आम्हांस रास्त वाटत नाही.

आपले प्रोटेस्टंट बंधूही डोंगरावरील प्रवचनाचा दाखला देऊन हाच प्रश्न विचारतात. प्रभूने व्यर्थ बडबडीचा निषेध केला हे खरेच आहे. पुष्कळ बोलल्याने देव वश होतो ही समजूत त्याला मान्य नव्हती. परंतु तोच प्रभू गेथशेमाने बागेत तिसऱ्यांदा पुन्हा त्याच शब्दांनी प्रार्थना करतो, असे मत्तयच आपल्याला सांगतो. 136 व्या स्तोत्रात तर एकच ध्रुपद 26 वेळा येते. तेव्हा पुनरुक्ती हीच मुळात दोषी, असे म्हणता येणार नाही.

महाराष्ट्राला घोकणे परके नाही. दिवेलागणीला परवचा म्हणण्याची रीत आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिली. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे त्या पिढीच्या जिभेवर मरेपर्यंत राहिले. केंदूर हे संत कान्हुराज पाठकांचे गाव. वारकऱ्यांच्या घरी हरिपाठ वर्षानुवर्षे तोच असतो, आणि त्यामुळे तो शिळा झाला असे कोणी म्हणत नाही. पुढे नव्या शिक्षणाने घोकंपट्टीला नावे ठेवली. ते बऱ्याच अंशी योग्यच होते, कारण परीक्षेच्या आदल्या रात्री कोंबलेले उत्तर आठवडाभरही टिकत नाही. हरमान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ करून स्मरणाचे मोजमाप केले व 1885 साली ते प्रसिद्ध केले. एका बैठकीतील 68 आवर्तनांनी जे साधले, तेच तीन दिवसांत वाटून केलेल्या 38 आवर्तनांनी साधले, असे त्यांना आढळले. रोज थोडे, पण रोज, हे आपल्या वाडवडिलांना प्रयोगशाळेवाचून कळले होते.

हे असे का घडते, याचा उलगडा पुढे एरिक कँडेल यांनी समुद्री गोगलगायीवर प्रयोग करून केला. त्यासाठी 2000 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. गोगलगायीला एकच धक्का दिला तर त्याची आठवण काही मिनिटे टिकते. तोच अनुभव मध्ये विसावा देऊन पुन्हा पुन्हा दिला तर ती कितीतरी दिवस राहते, आणि मज्जापेशींमध्ये नवे जोड अक्षरशः उगवतात. वारंवार केलेली गोष्ट शरीरात घर करते, हा केवळ अलंकार नाही.

पुनरावृत्तीने मन बधिर होते, असा समज आहे. केंदूरहून जवळच, पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. करता करता शिकणे, हे तेथील सूत्र. वेल्डिंग शिकणाऱ्या कोणत्याही मुलाकडे पाहावे. आरंभी त्याचे सारे लक्ष स्वतःच्या हातात अडकलेले असते. शेकडो जोड झाल्यावर हात आपोआप चालू लागतो, तेव्हा कुठे तो जोडाकडे नीट पाहू शकतो. सवयीने लक्ष मोकळे झालेले असते. त्या मोकळ्या लक्षाचे काय करायचे, हे मात्र सवय ठरवीत नाही.

आमच्यापुढे हा प्रश्न पुस्तकातून आला नाही. केंदूर भागातील एका ख्रिस्ती घरी आजी स्मृतिभ्रंशाने ग्रासलेल्या आहेत. त्यांच्या मुलाने आम्हांला विचारले, “फादर, आईला मी कोण तेबी कळत नाही. पण माळ हातात दिली की घडाघडा म्हणते. दहा झाले तरी थांबत नाही, पोरं हसतात. हे देवाला पोचतं का, का नुसती टेप वाजते?” सायंप्रार्थनेला आईला बसवावे की आत निजवावे, एवढाच त्याचा खरा प्रश्न होता.

अशा रुग्णांत नवे सारे पुसले जात असताना फार जुने आणि फार वेळा म्हटलेले शब्द पुष्कळदा टिकून राहतात. स्मृतीची दालने अनेक आहेत, हे विज्ञानाला हेन्री मोलेसन या अमेरिकन माणसामुळे विशेषत्वाने कळले. 1953 साली अपस्मारासाठी झालेल्या मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्याला कोणतीही नवी आठवण साठविता येईना. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात चांगलाच बसला, आणि तरी प्रत्येक वेळी हे आपण प्रथमच करीत आहोत असे त्याला वाटे. हाताचे कसब आणि ओठांवरची प्रार्थना या अगदी एक गोष्टी नव्हेत. तरीपण स्मरण गेले म्हणजे माणूस गेला असे समजू नये, एवढे यावरून निश्चित दिसते.

पण टिकलेले शब्द म्हणजे प्रार्थना काय? येथे विज्ञान थांबते. संत थॉमस अक्वायनस यांनी प्रार्थनेतील अवधानाचे तीन प्रकार सांगितले: शब्दांकडे लक्ष, अर्थाकडे लक्ष आणि देवाकडे लक्ष. यांपैकी तिसरे अडाण्यालाही साधते, आणि तेच सर्वांत आवश्यक. शिवाय आरंभी केलेला संकल्प, मन नकळत भरकटले तरी, साऱ्या प्रार्थनेला पुरतो. जाणूनबुजून भरकटणे तेवढे दोषास्पद. अमेरिकेत अ‍ॅन ग्रेबिएल यांनी उंदरांच्या मेंदूत पाहिले, की वाट अंगवळणी पडल्यावर काही पेशी मुख्यतः आरंभी आणि अखेरीस उद्दीपित होतात, मधला प्रवास त्या जणू सोडून देतात. हे वाचताना आम्हांला माळेच्या दोन टोकांच्या क्रुसाच्या खुणेची आठवण झाली. उंदरावरून धर्मशास्त्र सिद्ध करण्याचा मोह मात्र आम्ही आवरतो.

आता खरी अडचण. सवयीमुळे पापाची जबाबदारी कमी होऊ शकते, असे ख्रिस्तसभेची धर्मशिकवण सांगते. रोज संध्याकाळी ज्याचे पाय दारूच्या दुकानाकडे वळतात, त्याच्या पापनिवेदनात आपण हे ध्यानात घेतो. मग त्याच न्यायाने सवयीच्या प्रार्थनेचे पुण्यही कमी व्हायला नको काय? मेंदूला तर चांगली सवय आणि वाईट सवय असा भेद नाही. आमच्या मते निवाडा सवयीपाशी होत नाही. तिच्या मागे उभ्या असलेल्या इच्छेपाशी तो होतो. दारू सोडू पाहणाऱ्याची सवय त्याच्या इच्छेविरुद्ध चालते. म्हणून तो दयेस पात्र. आजींनी चाळीस-पन्नास वर्षे, शेतावरून दमून आल्यावरही, ती माळ स्वखुशीने हाती घेतली आणि ती संमती कधी मागे घेतली नाही. शुद्धीवर असताना केलेले मृत्युपत्र शुद्ध गेल्याने रद्द होत नाही.

याउलट जो गृहस्थ माळ खाली ठेवताक्षणी पत्नीला नेहमीच्या शिव्या देतो, त्याच्या दोन्ही सवयी सारख्याच पक्क्या असतात, आणि त्यांतील कोणत्या सवयीमागे तो स्वतः उभा आहे हे मुले रोज पाहतात. तरुणांचा तिटकारा बहुधा येथून जन्मतो. तो आम्हांला अनाठायी वाटत नाही.

जाता जाता एक गोष्ट. 2001 साली इटलीतील लुचियानो बेर्नार्दी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 23 निरोगी व्यक्तींवर केलेले संशोधन प्रसिद्ध झाले. लॅटिनमधील नमो मारिया म्हणताना श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाच्या लयीवर इष्ट परिणाम होतो, असे त्यांना दिसले. एका मंत्राच्या जपानेही तेच घडले. त्यावरून कित्येक उत्साही मंडळी जपमाळेला रक्तदाबाचे औषध ठरवू पाहतात. श्वास संथ झाला तर उत्तमच. डॉक्टरांच्या गोळ्या मात्र बंद करू नयेत.

त्या घरी आम्ही एवढेच सुचविले, की आजींना आत निजवू नका आणि आरंभी त्यांचा हात धरून क्रुसाची खूण करा. दहा झाले की थांबविण्याचे काम नातीने आपणहून घेतले आहे. ती आजीच्या बोटांखालचा मणी हलकेच पुढे सरकवते आणि “आजे, पुढचं दशक” म्हणते. आजी एखाद्या दिवशी ऐकतात, एखाद्या दिवशी नाही.