कार्यक्रमाच्या कडा

कार्यक्रमाची आखणी बहुतेक ठिकाणी व्यासपीठापासून सुरू होते. प्रमुख पाहुणे कोण, अध्यक्ष कोण, बॅनरवर कोणाचा फोटो किती मोठा, समईची वात कोणी लावायची, हे आधी ठरते. लोक येणार कसे, बसणार कुठे आणि घरी परतणार कधी, याचा विचार उरल्या वेळात होतो. फसणारा कार्यक्रम मात्र व्यासपीठावर क्वचितच फसतो. वक्ता रंगात आलेला असतो आणि मागच्या रांगांना शब्द ऐकू येत नाही. गाणे बहरात येते आणि अर्धी माणसे घड्याळ बघत उठतात. आयोजनाचा कस लागतो तो कडांना: दार, रस्ता, वायर, पाण्याचा पिंप आणि परतीची गाडी.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे कल्याणच्या पुढे कर्जतकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर एकापाठोपाठ एक आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अंबरनाथ साधारण ६० किलोमीटर, बदलापूर ६८. २०११च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या पाच लाखांच्या वर, अंबरनाथची अडीच लाखांच्या वर आणि कुळगाव-बदलापूरची पावणेदोन लाखांच्या आसपास होती. पुढच्या वर्षांत बदलापुरात इमारती ज्या वेगाने उठल्या, तो पाहता हा आकडा आता जुनाच म्हणायचा. या वस्तीतला मोठा नोकरदार वर्ग सकाळी गाडी पकडतो आणि रात्री उतरतो. त्यामुळे इथल्या कार्यक्रमाची वेळ निमंत्रणपत्रिका ठरवत नाही, लोकल ठरवते.

हिशेब सोपा आहे. सहा-सव्वासहाला मुंबईतल्या कचेरीतून निघालेला माणूस बदलापूरच्या फलाटावर उतरतो तेव्हा आठ वाजत आलेले असतात. शेअर रिक्षाची रांग, घर, हातपाय धुणे धरले तर साडेआठ. दुसऱ्या टोकाला २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. उघड्यावरचा ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागतो. वर्षातल्या जास्तीत जास्त पंधरा दिवसांपुरती मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची मुभा राज्य सरकारला आहे, पण ती बहुतेक सणांतच खर्च होते. म्हणजे आठवड्यातल्या दिवशी मैदानावर व्याख्यान ठेवले तर नोकरी करणाऱ्या श्रोत्याच्या वाट्याला दीड तास येतो. पत्रिकेवर ‘सायंकाळी ठीक ६ वाजता’ छापले तर समोर निवृत्त मंडळी आणि शाळकरी मुले बसतात. मग ‘तरुण पिढी येत नाही’ अशी खंत व्यासपीठावरून व्यक्त होते. तरुण पिढी त्या वेळी डोंबिवलीच्या आसपास लोकलच्या दारात लटकलेली असते.

त्या दीड तासातले अर्धे सत्कारांत जाते. प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, देणगीदारांची नावे, मग ‘दोन शब्द’ बोलायला आलेल्यांची वीस-वीस मिनिटे. सत्कार वाईट नाही. वर्गणी देणाऱ्याला व्यासपीठावर बोलावले नाही तर पुढच्या वर्षी पावतीपुस्तक कोरे राहते, हे कोणताही कार्यकर्ता सांगेल. पण त्याची जागा बदलता येते. मुख्य भाषण आधी आणि सत्कार नंतर ठेवले, तर ज्याला थांबायचे तो थांबतो आणि ज्याला गाडी गाठायची त्याला हवे ते मिळालेले असते. ही साधी अदलाबदल बहुतेक मंडळांना जमत नाही, कारण सत्काराला गर्दी हवी असते आणि भाषणाला ती आपोआप मिळेल असे गृहीत धरलेले असते.

रविवारी प्रश्न वेगळा. श्रोता घरी असतो, पण रेल्वेचा मेगाब्लॉकही त्याच दिवशी. दादरहून येणारा वक्ता ठाण्यात अडकून पडला की निवेदकाला चुटके सांगत वेळ काढावा लागतो. अनुभवी आयोजक शनिवारीच ब्लॉकची वेळ बघून ठेवतात, पाहुण्याला गरजेपेक्षा दोन गाड्या आधीची वेळ सांगतात, आणि परतीची गाडी कोणती हे बोलावतानाच विचारून घेतात. परतीची काळजी मिटलेला वक्ता जास्त मोकळा बोलतो.

उल्हासनगरची अडचण जागेची आहे. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची सोय झाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीचे उल्हासनगर झाले. पाच कॅम्पांची नावे आजही पत्त्यात तशीच चालतात. जेमतेम तेरा चौरस किलोमीटरच्या या शहरात दुकान, कारखाना आणि घर एकाच जिन्यावर असते. गोल मैदानासारखी मोकळी जागा ही चैन ठरते, म्हणून उत्सव रस्त्यावरच होतात. रस्त्यावरच्या कार्यक्रमाचा नकाशा काढताना मांडव कुठे बसतो हे पाहून भागत नाही. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाचा बंब कुठून निघेल, बाजाराच्या मालाचा टेम्पो किती वाजता येतो, हेही पाहावे लागते. निवेदनाची भाषा हाही इथे आखणीचाच भाग आहे. समोर सिंधी, हिंदी आणि मराठी बोलणारे एकत्र बसलेले असतात, आणि चप्पल कुठे ठेवायची किंवा बाहेर कुठून पडायचे ही सूचना तिघांनाही कळावी लागते.

चैत्राच्या सुरुवातीला तिन्ही शहरांचे वेळापत्रक एकमेकांत गुंतते. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रांची प्रथा १९९९ साली डोंबिवलीत सुरू झाली आणि अंबरनाथ-बदलापूरपर्यंत पसरली. पाडव्याच्या पाठोपाठ चैत्र शुद्ध द्वितीयेला उल्हासनगरात सिंधी समाजाचा, झुलेलालांचा चेटीचंड उत्सव. तिन्ही शहरे ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या एकाच परिमंडळात येतात, त्यामुळे दोन्ही मिरवणुकांच्या बंदोबस्ताचा भार एकाच ठिकाणी पडतो. ढोल-ताशा पथक, जनरेटरवाला, मंडप डेकोरेटर यांच्या तारखाही महिनोन्‌महिने आधी अडकतात. परवानगीचा अर्ज आठवड्यावर ठेवणाऱ्याला यातले काहीच मिळत नाही. पोलीस ठाणे, नगरपालिका किंवा महापालिका, अग्निशमन, महावितरणची तात्पुरती जोडणी, गाणी वाजणार असतील तर हक्कधारकांचा परवाना ही कागदपत्रे कंटाळवाणी खरी, पण कोणत्याही शहरात ती टळत नाहीत.

गर्दीचा धडा मात्र अंबरनाथच्या शिवमंदिरात सर्वांत जवळून पाहता येतो. शिलाहारांच्या काळातले हे भूमिज शैलीचे देऊळ. त्यावरच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा काळ आहे. सभामंडपाला तीन दिशांनी मुखमंडप आहेत, पण गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे आणि त्यात उतरायला सुमारे वीस पायऱ्या. उतरायची आणि चढायची वाट एकच. महाशिवरात्रीला मध्यरात्रीपासून रांगा लागतात. वालधुनी नदीच्या काठी कितीही मोठी जागा असली, बाहेर कितीही बांबू लावले, तरी त्या यात्रेचा वेग त्या पायऱ्यांवर ठरतो. एक माणूस वर आल्याशिवाय दुसरा नीट उतरू शकत नाही. मुखाशी अर्धा मिनिट कोणी जास्त थांबला, तर त्याचा धक्का पार मागच्या रांगेपर्यंत पोचतो. प्रत्येक कार्यक्रमात अशी एक अरुंद जागा असते: सभागृहाचा जिना, जेवणाच्या पंगतीतले पाण्याचे टेबल, नोंदणीची खुर्ची. आयोजकाने सगळ्यात आधी ती शोधायची असते. गर्दी किती आली यापेक्षा त्या जागेतून मिनिटाला किती माणसे सरकतात, हा आकडा महत्त्वाचा.

हे विसरले की काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २५ जानेवारी २००५ला वाईजवळच्या मांढरदेवीत, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्यांवर आणि दोन्ही बाजूंनी दुकानांनी आवळलेल्या वाटेवर अडीचशेहून अधिक भाविक गेले. तिथे देवीपाशी काही चुकले नव्हते, वाट चुकली होती. १६ एप्रिल २०२३ला खारघरच्या उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात तासन्‌तास उन्हात बसलेल्या श्रोत्यांपैकी चौदा जण दगावले. व्यासपीठावर छप्पर होते. चौरस मीटरला चार-पाच माणसांपलीकडे दाटी गेली की माणूस स्वतःच्या पायांनी चालत नाही, गर्दी त्याला चालवते, आणि त्या क्षणी ध्वनिक्षेपकावरून ‘शांतता राखा’ म्हणून उपयोग नसतो.

बदलापूरकडे या विषयातले एक उलट उदाहरण आहे, व्यासपीठ नसलेल्या आयोजनाचे. २६ जुलै २०१९च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. गाडीत हजाराहून अधिक प्रवासी होते, त्यांत गरोदर स्त्रिया आणि लहान मुलेही. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटी आल्या, नौदलाची पथके आली, आसपासच्या गावांतली माणसे कमरेएवढ्या पाण्यात उतरली, आणि दुपारपर्यंत सगळे सुखरूप बाहेर आले. त्यांची सोय बदलापुरातल्या एका मंगल कार्यालयात झाली आणि पुढे कल्याणहून विशेष गाडीने त्यांना कोल्हापूरकडे पाठवण्यात आले. मंगल कार्यालयच का? त्याचे उत्तर त्या वास्तूतच आहे. भटारखाना, शेकड्यांच्या हिशेबाची पातेली, पाण्याची टाकी, रांगेने स्वच्छतागृहे, सामान ठेवायला आणि ओले कपडे बदलायला वधूपक्ष-वरपक्षाच्या खोल्या, बस उभी राहील असे आवार. लग्नात जे कोणाच्या नजरेत भरत नाही तेवढेच त्या दिवशी कामाला आले. कार्यालय बुक करताना आधी झुंबर पाहणाऱ्यांनी एकदा मागच्या दाराने फेरी मारावी.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी आली आणि या सगळ्या कडा एका रात्रीत नाहीशा झाल्यासारख्या वाटल्या. मांडव नाही, रिक्षा नाही, मेगाब्लॉक नाही. व्याख्यानमाला, कविसंमेलने, गणपतीच्या आरत्या झूम आणि फेसबुक लाइव्हवर गेल्या. झूमच्या फुकट खात्यावर चाळीस मिनिटांनी सभा आपोआप बंद पडे. सत्कारांची लांबी आवरण्याचे जे काम कोणाकडून होत नव्हते, ते त्या चाळीस मिनिटांनी करून दाखवले. श्रोत्यांचा भूगोलही बदलला. भारतात रात्रीचे नऊ म्हणजे दुबईत साडेसात, आणि उन्हाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे साडेअकरा. उल्हासनगरातून परदेशी गेलेली सिंधी घरे असोत की अमेरिकेतली मराठी मंडळे, रविवारी रात्री नऊची वेळ दोघांनाही पकडता येते.

कडा नाहीशा झाल्या नव्हत्या, त्यांनी रूप बदलले होते. फलाटाची जागा लिंकने घेतली. चार दिवस आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली लिंक दोनशे सुप्रभात संदेशांखाली गाडली जाते, म्हणून ती तासभर आधी पुन्हा पाठवावी लागते. पहिली दहा मिनिटे ‘आवाज येतोय का?’मध्ये जातात. मैदानावरचा माईकवाला ‘हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग’ करत असे तेव्हा लोक हसत, पण तो निदान कार्यक्रमाआधी येई. ऑनलाइन वक्त्याची तशी चाचणी बहुतेक जण घेत नाहीत. त्याच जागी, त्याच फोनवर, त्याच इअरफोनने आदल्या दिवशी दहा मिनिटे बोलून पाहिले की निम्मे घोळ संपतात. उरलेले विजेचे. वीज गेली तर लॅपटॉप चालू राहतो, राउटर बंद पडतो. तो इन्व्हर्टरवर घेतलेला असावा आणि जवळ वेगळ्या कंपनीचा डेटा असलेला फोन तयार असावा. बोलणाऱ्याने एकट्याने हे सगळे सांभाळू नये. होस्ट कोणी दुसरा, प्रश्न वाचणारा तिसरा. समोर चेहरे नसताना बोलणाऱ्याला दाद मिळत नाही, ती देणारा माणूस नेमून ठेवावा लागतो, हे ऐकायला विचित्र वाटले तरी खरे आहे.

सर्वांत अवघड कार्यक्रम तो, जो सभागृहातही आहे आणि पडद्यावरही. इथे नेहमीची चूक म्हणजे पहिल्या रांगेत स्टुलावर ठेवलेला लॅपटॉप. त्याच्या माईकला वक्त्यापेक्षा पंखा आणि खोकला जास्त ऐकू येतो, आणि घरी बसलेला श्रोता पाच मिनिटांत निघून जातो. सभागृहाच्या मिक्सरमधून थेट वायर काढून लॅपटॉपला जोडली की हे टळते. दूरचा पाहुणा पडद्यावरून बोलणार असेल तर दुसरी खबरदारी: त्याचा आवाज सभागृहाच्या भोंग्यातून निघून माईकमध्ये शिरला आणि पुन्हा त्याच्याकडेच गेला, तर त्याला स्वतःचेच शब्द अर्ध्या क्षणाने ऐकू येतात आणि तो अडखळतो. ध्वनी सांभाळणाऱ्याने त्याला परत पाठवायच्या आवाजातून त्याचाच आवाज वगळायचा असतो. थेट प्रक्षेपण काही सेकंद उशिरा पोचते, म्हणून घरच्या श्रोत्यांचे प्रश्न सभागृहातल्या प्रश्नांच्या मध्ये न घुसवता एकत्र घ्यावेत. ध्वनिमुद्रित गाणे मध्यंतरात सहज लावले तरी यूट्यूब किंवा फेसबुक तेवढा भाग मुका करू शकते. लग्नसमारंभाला कॉपीराइट कायद्यात सूट आहे, व्याख्यानमालेच्या मध्यंतराला नाही.

आभारप्रदर्शनाने कार्यक्रम संपतो असे पत्रिकेत लिहिलेले असते. त्यानंतर सतरंज्या झटकल्या जातात, खुर्च्या दहा-दहाच्या थप्प्यांत मोजून टेम्पोत चढतात, हॉलची अनामत परत घ्यायला कोणीतरी काउंटरशी थांबते. चित्रफीत त्याच रात्री नीट नाव देऊन चढवली नाही तर महिनाभर कोणाच्या तरी फोनमध्येच पडून राहते. दारावर लावलेली हजेरीवही, पहिल्या पानावर ठळक अक्षरांत पाहुण्यांची सही आणि शेवटच्या पानावर घाईत मोबाइल क्रमांक लिहून निघून गेलेली माणसे, ती वही कार्यकर्ता काखेत मारतो आणि शेवटची कर्जत लोकल यायच्या आत वायर गुंडाळायला वळतो.