धान्याची कोठी आणि औषधाची पेटी

धान्याची कोठी आणि औषधाची पेटी या दोन्ही वस्तू प्रत्येक घरांत असतात. परंतु शहाणी गृहिणी त्या कधीं शेजारीं शेजारीं ठेवीत नाहीं. यांत केवळ टापटीप आहे असें नव्हे. अन्न आपण विश्वासानें खातों, औषध विचारून घेतों. भाकरीचा तुकडा मोडतांना कोणी डॉक्टरचा सल्ला घेत नाहीं. उलट औषधाचे चार थेंब अधिक पडले तर मनुष्य दचकतो. कारण जें द्रव्य रोग्यास तारक तेंच निरोग्यास मारक होऊं शकतें. हा साधा गृहधर्म एका नव्या विद्येमुळें आज साऱ्या जगापुढील नीतीचा प्रश्न होऊन बसला आहे.

ती विद्या म्हणजे वनस्पतींकडून औषधें घडवून घेणें. वनस्पतींपासून औषध मिळणें ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. सिंकोनाच्या सालींतून निघणारें क्विनाइन सर्वांच्या परिचयाचें आहे. परंतु सिंकोनाचें झाड तें आपल्या स्वभावानेंच देतें. नवी गोष्ट ही कीं, दुसऱ्या एखाद्या प्राण्याच्या शरीरांतील प्रथिन ज्या जनुकामुळें घडतें, तें जनुक वनस्पतींत घालून तिच्या स्वभावांत नसलेलें द्रव्य आतां तिच्याकडून करवून घेतां येतें.

यांतील उपकार आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों. गोशे नांवाचा एक दुर्मिळ आनुवंशिक रोग आहे. त्यांत एका विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, उणिवेमुळें प्लीहा आणि यकृत वाढतात आणि हाडें दुबळीं होतात. तें विकर गाजराच्या पेशींत तयार करण्याची युक्ति इस्राएलमधील प्रोटॅलिक्स कंपनीनें साधली, आणि २०१२ सालीं अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यानें त्या औषधास मान्यता दिली. २०१४ सालीं पश्चिम आफ्रिकेंत इबोलाची सांथ पसरली, तेव्हां तंबाखूच्या जातीच्या रोपांत तयार केलेलें झेडमॅप हें औषध प्रयोगादाखल कांहीं रोग्यांस देण्यांत आलें. ज्या कुळानें असंख्य माणसांच्या छातींत रोग पेरला, त्याच कुळांतील एक रोप मरणोन्मुख माणसाच्या उपयोगीं पडावें, हें पाहून कोणास समाधान वाटणार नाहीं?

तेव्हां ही विद्या वापरावी कीं वापरूं नये, असा वाद घालण्यांत अर्थ नाहीं. रोग्याचा हक्क मोठा आहे. प्रश्न आहे तो इतकाच कीं, ती कोणत्या वनस्पतींत, कोणत्या जागीं आणि कोणाच्या जोखमीवर वापरावी?

औषध करणाऱ्यांचें लक्ष मक्याकडे जावें हें स्वाभाविकच होतें. दाण्यांत प्रथिन चांगलें टिकतें, पेरणी-कापणी शेतकऱ्यास ठाऊक असते, आणि पोलादी पात्रांच्या कारखान्यापेक्षां शेत स्वस्त पडतें. अमेरिकेंतील प्रोडिजीन कंपनीनें असा मका नेब्रास्का संस्थानांत २००१ सालीं लावला. पुढील वर्षीं त्याच शेतांत सोयाबीनचें पीक घेतलें गेलें. परंतु जमिनींत राहिलेल्या दाण्यांतून मका पुन्हा उगवला, सोयाबीनबरोबर कापला गेला, आणि कोठारांत जाऊन सुमारें ५ लक्ष बुशेल सोयाबीनमध्यें मिसळला. सुक्याबरोबर ओलें जळतें, त्या न्यायानें तो सर्व सांठा नष्ट करावा लागला. त्याच वर्षीं आयोवा संस्थानांत पराग शेजारीं उडाला असावा, या शंकेवरून सुमारें १५५ एकर मका जाळण्यांत आला. कंपनीस अडीच लक्ष डॉलर दंड झाला आणि सोयाबीनच्या नाशाचा खर्चही तिच्यावर पडला.

कोणी म्हणेल, "तें सोयाबीन कोणाच्या ताटांत गेलें नाहीं, दोष सांपडला, दंड झाला, मग तक्रार कसली?" हा आक्षेप खोटा नाहीं, आणि त्या प्रकरणाचा बाऊ करण्याची आमची इच्छाही नाहीं. परंतु नीतीचा प्रश्न केवळ परिणामावरून सुटत नसतो. परक्याच्या लेंकरांना न विचारतां डळमळीत होडींत बसविणारा नावाडी, होडी पैलतीरास लागली एवढ्यानें निर्दोष ठरत नाहीं. औषधाचा प्रयोग करण्यापूर्वीं माणसाची संमति घ्यावी, हा वैद्यकाचा आज सर्वमान्य दंडक आहे. येथें ती कोणाची घेणार? धान्य खाणारा अज्ञात गिऱ्हाईक आणि शेजारचा शेतकरी यांस तर कांहीं ठाऊकच नसतें. अमेरिकेंत अशा शेतांचीं ठिकाणें व्यापारी गुपित म्हणून पुष्कळदां झांकून ठेवण्यांत आलीं. ज्याला माहिती नाहीं त्याची संमति कसली?

औषध स्वस्त झालें तर तें गरिबाच्या हातीं पडेल, हा या बाजूचा सर्वांत सबळ मुद्दा होय. पण स्वस्ताईचा हिशेब नीट तपासला पाहिजे. तिचा कांहीं भाग सूर्यप्रकाशाचा आणि मातीचा आहे. तो सर्वांनीं आनंदानें घ्यावा. कांहीं भाग मात्र कुंपण आणि भिंत न घातल्यामुळें वांचलेल्या पैशाचा असतो. तो नफा नव्हे; शेजाऱ्याच्या नांवावर त्याला न विचारतां काढलेलें तें कर्ज होय. गरिबाचें नांव पुढें करून तें काढणें तर अधिकच अनुचित, कारण चुकीचा पहिला फटका बहुधा गरिबासच बसतो.

म्हणून आमचें मत असें आहे: ज्या वनस्पतीपासून औषध करावयाचें ती शक्यतों कोणाच्या खाण्यांतली नसावी, खाण्यांतली असल्यास तिनें उघडें शेत पाहूं नये. शेजाऱ्यास आधीं कळवावें, आणि नुकसान झाल्यास तें नफा घेणारानें संपूर्ण भरून द्यावें. हें अशक्य नाहीं. गाजर हें अन्नच आहे; परंतु गोशे रोगावरील औषधासाठीं त्याच्या पेशी बंद पात्रांत वाढवितात, आणि त्या कोणाच्या भाजींत जाण्याचा संभवच राहत नाहीं.

आरंभीं सांगितलेल्या गृहिणीनें औषधाची पेटी कांहीं उकिरड्यावर फेंकली नाहीं. घरांत आजारी मनुष्य आहे हें ती जाणते. तिनें ती पेटी फक्त वेगळ्या फळीवर ठेवली, आणि मुलांचा हात तेथें पोंचणार नाहीं एवढें पाहिलें. शास्त्रज्ञांनीं आणि व्यापाऱ्यांनीं तिच्याइतकीच दक्षता बाळगावी, याहून अधिक आम्ही कांहीं मागत नाहीं.