अर्ध्या तासाचं पाणी

सकाळी नळ सोडला की पातेलं भरेपर्यंतही आपल्याला धीर निघत नाही. नीती आयोगाच्या गरिबीच्या मोजणीत मात्र पाण्याला अर्ध्या तासाची मुभा आहे. चांगलं पाणी आणायला जाऊन-येऊन तीस मिनिटं किंवा जास्त चालावं लागलं, तर ते घर पाण्यापुरतं वंचित.

१९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी दारिद्र्याचा हिशेब पोटापासून मांडला : माणशी दिवसाला २२५० उष्मांक. पुढे बरीच वर्षं वाद रुपयांभोवतीच फिरला. २०२१ पासून आयोग बारा गोष्टी बघतो. पोषण, बालमृत्यू, शाळा, संडास, वीज, घर, अगदी बँकखातंसुद्धा. या मापाने २०१५-१६ मध्ये देशातले २४.८५ टक्के लोक गरीब होते, २०१९-२१ मध्ये १४.९६ टक्के. घट मोठी आहे. ती नाकारण्यात अर्थ नाही.

तरी प्रश्न वाचताना मौज वाटते. चुलीचा प्रश्न चोख आहे. सिलिंडर आहे का, असं नाही; रांधता कशावर? टाकी कोपऱ्यात रिकामी आणि चुलीत लाकडं, तर घर वंचितच. खात्याचं तसं नाही. घरात कुणा एकाचं असलं की झालं, शिल्लक कोणी विचारत नाही.

आता असं एक घर धरा. पाणी लांब, चूल धुराची, संडास नाही, भिंती कुडाच्या, वीज नाही, खातं नाही. पण पोरं शाळेत जातात, खाऊनपिऊन बरी आहेत, आरोग्यात काही उणं नाही. राहणीमानाच्या सात बाबींना प्रत्येकी एक एकविसांश वजन. या घराच्या झाल्या सहा. गरीब ठरायला एक तृतीयांश, म्हणजे सात लागतात. हे घर गरीब नाही. पोषण आणि शाळेला जास्त वजन द्यावं हे मलाही पटतं, पण त्या घरच्या बाईला हे समजावून सांगायला मी जाणार नाही.

कारण मोजताना घर एक धरतात, आणि हंडा असतो एकीच्याच डोक्यावर. ती झपझप चालून अठ्ठावीस मिनिटांत परतली, तर त्या घराला पाणी आहे. दिवसाच्या खेपा किती, याला रकाना नाही.